चहा महाग झालाच नव्हता : अमेरिकन क्रांतीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : 'अमेरिकन क्रांती म्हणजे चहावरचा कर वाढला म्हणून व्यापाऱ्यांनी केलेलं बंड. लॉक, रूसो, मॉन्टेस्क्यू ही नावं पाठ्यपुस्तकवाल्यांनी मागाहून चिकटवली. शेतकऱ्या-मजुरांना तत्त्वज्ञान काय कळणार? जेफरसनने तर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लॉकवरून उतरवून काढला. आणि हक्कांच्या गप्पा मारणारे हे लोक स्वतः गुलाम बाळगत होते, म्हणजे सगळं ढोंग.'

नावं मागाहून चिकटवली असतील तर जेफरसनने १७७६ साली लॉकवरून उतरवलं कसं, हे लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. असो. मुद्दे एकेक करून घेऊ.

आधी चहा. १७७३च्या चहा कायद्याने कर एका पैशानेही वाढवला नाही. पौंडामागे ३ पेन्सचा कर १७६७च्या टाउनशेंड कायद्यांपासून होताच. १७७०मध्ये काच, कागद, रंग यांवरचे कर मागे घेतले गेले आणि चहावरचा तेवढा मुद्दाम ठेवला गेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. तेव्हा पार्लमेंटने तिला इंग्लंडमधली जकात परत देऊन तो थेट वसाहतींत विकायची मुभा दिली. परिणाम असा की कर धरूनही चहा स्वस्त झाला, चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाच्या तोंडचं पाणी पळावं इतका. (तो चहा चीनचा. आसामचे मळे अजून साठ वर्षं दूर होते.) १६ डिसेंबर १७७३च्या रात्री बोस्टनच्या बंदरात सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या, त्या या स्वस्त चहाच्या.

चोरटा चहा विकणाऱ्यांचं यात नुकसान होतं आणि ते हात बांधून बसले नाहीत, हे खरंच आहे. व्यापाऱ्यांचा स्वार्थ नाकारायचं कारण नाही. व्हर्जिनियातल्या जमीनदारांची डोळा ठेवलेली पश्चिमेकडची जमीनही लंडनच्या १७६३च्या हुकमाने अडकली होती. पण व्यापाऱ्यांचं सोडा, गिऱ्हाइकाचं काय? त्याला तर दोन पैसे कमी द्यावे लागणार होते. त्याने का नाक मुरडावं?

कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, जी फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. १७६६ साली पार्लमेंटने बदनाम स्टॅम्प कायदा (वसाहतींतल्या छापील कागदांवर आणि दस्तांवर कर लावणारा) रद्द केला आणि त्याच दिवसांत दुसरा कायदा करून जाहीर केलं की वसाहतींना 'कुठल्याही बाबतीत' बांधणारे कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. म्हणजे पैसे सोडले, अधिकार ठेवला. नेमकी इथे जॉन लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाची मांडणी कामाला येते. सरकार लोकांच्या संमतीवर उभं असतं. माझ्या संमतीशिवाय ते माझ्या मिळकतीतला हवा तो हिस्सा हवा तेव्हा उचलू शकत असेल, तर ती मिळकत माझी नव्हेच. मग उचललेला हिस्सा ३ पेन्स आहे की ३० पौंड, याने काही फरक पडत नाही. स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे तो अधिकार मुकाट्याने मान्य करणं. चहाच्या पेट्यांवरचं भांडण हे होतं.

भाव हाच सगळा मुद्दा असता तर १७७२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जे झालं ते झालंच नसतं. तिथल्या वरिष्ठ न्यायाधीशांचे पगार वसाहतीच्या विधिमंडळाऐवजी राजाच्या जकातीतून द्यायचं ठरलं. विधिमंडळावरचा एक खर्च कमी. तरी बोस्टन पेटलं, कारण ज्याच्या हातून पगार त्याच्या बाजूने निकाल, ही भीती. नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली आणि सॅम्युअल अ‍ॅडम्सच्या पुढाकाराने हक्कांचं एक निवेदन छापून गावोगाव धाडलं. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क, अशी त्याची सुरुवात. शंभराहून जास्त गावांनी सभा भरवून उत्तरं पाठवली.

आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. चहा बोस्टनच्या धक्क्याला लागत होता त्याच सुमारास, नोव्हेंबर १७७३मध्ये, फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने एक पत्र छापलं. कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, असं तो बजावतो : धान्याचा साठा करून भाव चढवले आणि एका वर्षात १५ लाख माणसं उपासमारीने मेली. हा १७७०चा बंगालचा दुष्काळ. माणसाच्या हक्कांची आणि जिवाची ज्यांना पर्वा नाही, त्यांनी आता आपल्याकडे मोर्चा वळवलाय, असा त्याचा सूर. फक्त खिशाची काळजी असलेला माणूस बंगालचा दाखला कशाला देईल?

'नावं मागाहून चिकटवली' या दाव्यासाठी तर छापखान्यात डोकावलं तरी पुरे. बोस्टनच्या जेम्स ओटिसने वसाहतींच्या हक्कांवरची पुस्तिका १७६४मध्ये काढली, स्टॅम्प कायद्याच्याही आधी. तिच्यात लॉकचे उतारे आहेत. सरकारविषयीच्या लॉकच्या दुसऱ्या निबंधाची पहिली अमेरिकन आवृत्ती बोस्टनमध्येच निघाली, साल १७७३. छापणारे एडीस आणि गिल, म्हणजे 'बोस्टन गॅझेट' हे सरकारविरोधी पत्र चालवणारेच दोघे. चहा बुडाला त्याच शहरात, त्याच वर्षी लॉक छापून विकायला होता. पाठ्यपुस्तकवाले तेव्हा जन्मायचे होते.

शेतकऱ्या-मजुरांना काय कळणार, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत उद्धट वाटतो. विचार समजायला मूळ ग्रंथ वाचावा लागतोच असं नाही. रविवारच्या प्रवचनातून, वर्तमानपत्रातून, नगरसभेतल्या वादातून तो पोचतो. जॉनथन मेह्यू या पाद्र्याने जुलमी राजाची आज्ञा मोडण्याचं समर्थन १७५० सालीच बोस्टनच्या चर्चमध्ये केलं होतं. आणि थॉमस पेन? कंबरपट्ट्यासारखी घट्ट वस्त्रं शिवणाऱ्याचा मुलगा, स्वतः तोच धंदा शिकलेला, पुढे जकातीच्या नोकरीतून बडतर्फ झालेला. जानेवारी १७७६मध्ये त्याची पुस्तिका आली आणि राजाच नको ही भाषा उघडपणे बोलली जाऊ लागली. आपण लॉक कधी हातातही धरला नाही, असं हाच पेन म्हातारपणी सांगत असे. तरी संमती, नैसर्गिक हक्क, सरकार बदलण्याचा अधिकार हे सगळं त्याच्या लिखाणात आहे, कारण तोवर ते हवेत होतं. याच पेनचं मानवी हक्कांवरचं पुढचं पुस्तक पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं. तेही काही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक नव्हते.

नकलेचा आरोप जुनाच आहे. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या रिचर्ड हेन्री ली यानेच तो केला होता. लॉकने लिहिलं होतं की एकाच दिशेने जाणारी अत्याचारांची लांबच लांब मालिका दिसली की लोक उठतात; जेफरसनच्या मसुद्यात ही मालिका जवळजवळ त्याच शब्दांत आहे. यावर जेफरसनचं म्हणणं असं की लिहिताना मी एकही पुस्तक उघडलं नव्हतं, आणि नवी तत्त्वं शोधून काढणं हा माझा हेतूच नव्हता. १८२५च्या पत्रात तो सांगतो की अमेरिकन मन शब्दांत मांडायचं होतं. त्या मनाला घडवणाऱ्यांत तो अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, लॉक आणि (इंग्रज राजकीय लेखक) सिडनी ही नावं घेतो. रूसोचं नाव त्या यादीत नाही. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये रूसो अमेरिकेतही हटकून असतो, तो फ्रान्समध्येच ठेवलेला बरा. मॉन्टेस्क्यूचं खरं काम पुढचं, १७८७च्या राज्यघटनेच्या वेळचं. सत्तेच्या विभागणीवर त्या घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन त्यालाच प्रमाण मानतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि यातलं अर्धं मी आधीच मान्य करतो. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. गुलामांच्या व्यापारावर राजाला दोष देणारा परिच्छेद जेफरसनच्या मसुद्यात होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

पण म्हणून ते शब्द पोकळ होते का? मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावाचं उदाहरण घ्या. बोस्टनच्या निवेदनाला उत्तर द्यायला जानेवारी १७७३मध्ये गावातली प्रतिष्ठित मंडळी कर्नल जॉन अ‍ॅशलीच्या घरी जमली. थिओडोर सेजविक हा तरुण वकील लिहून घेत होता. ठरावात आलं : निसर्गतः सर्व माणसं समान, मुक्त आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. त्याच घरात बेट नावाची एक गुलाम स्त्री राबत होती. तिला अक्षरओळख नव्हती. पुढे एकदा घरच्या मालकिणीने चुलीतलं तापलेलं फावडं दुसऱ्या मुलीवर उगारलं, ते बेटने आपल्या हातावर झेललं. तो व्रण तिने जन्मभर झाकला नाही. सेजविकच्या मुलीने लिहून ठेवलंय की जाहीरनाम्याचं वाचन कानावर पडल्यावर बेट त्याच सेजविककडे गेली आणि विचारलं, हा कायदा मला मोकळं करणार नाही का? सेजविकने तिचा आणि ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामाचा खटला लढवला. १७८०च्या राज्याच्या घटनेत सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान असल्याचं कलम होतं. ऑगस्ट १७८१मध्ये ज्युरीने दोघांनाही मुक्त केलं आणि वर अ‍ॅशलीला ३० शिलिंगांची भरपाई द्यायला लावली. तो तिला पगारावर परत ये म्हणाला. ती गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन हे नाव तिने घेतलं.

दोन वर्षांनी क्वॉक वॉकर या दुसऱ्या एका गुलामाच्या प्रकरणात राज्याच्या सरन्यायाधीशाने गुलामगिरी घटनेत बसत नाही असं ज्युरीला सांगितलं. १७९०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामांच्या रकान्यात एकही नोंद नाही. दक्षिणेत मात्र हे काहीच झालं नाही. तिथल्या मालकांना जाहीरनाम्यातलं सर्व माणसं समान असल्याचं वाक्य इतकं डाचत राहिलं की १८४८मध्ये त्यांचा मोठा पुढारी जॉन कॅल्हून सिनेटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, हे वाक्य खोटं आहे, इंग्लंडपासून वेगळं व्हायला त्याची काही गरज नव्हती, ते जाहीरनाम्यात विनाकारण घातलं गेलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आपला युक्तिवाद आधी कोणी आणि कशासाठी वापरला होता, तेवढं एकदा वाचावं.