विहिरीवरचं ५जी

गणपतीला गावी जाताना राजापूरला गाडी बदलली तेव्हा माझा फोन नव्वद टक्के होता. वाडीच्या लाल रस्त्याला लागलो तेव्हा साठ, आणि पाय धुऊन चहा हातात येईपर्यंत बेचाळीस. वाटेत मी त्याला बोटही लावलं नव्हतं. खिशात तो असा तापला होता की बायको म्हणाली, "मांडीला शेक मिळतोय तर जरा कमरेलाही धरा."

आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. भिंती हातभर जाड. बांधताना पणजोबांनी पाऊस, चोर आणि भाऊबंद या तिघांचा विचार केला होता, टॉवरचा नाही. त्यामुळे माजघरात रेंज शून्य, पडवीत एक काडी, फणसाखाली दोन, आणि विहिरीच्या कठड्यावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं तर चक्क ५जी. विहिरीवर हल्ली पाण्यापेक्षा त्यालाच जास्त गर्दी असते.

चार्जिंग करावं तर माजघरात प्लग एकच, आणि त्याला मखराची दिव्यांची माळ. बाप्पाच्या डोक्यावरचा उजेड काढून स्वतःचा फोन लावण्याएवढा मी अजून निर्ढावलेलो नाही. तरी रात्री सगळे झोपल्यावर लावलाच. तासाभरानं बघितलं तर पाच टक्के चढले होते. माजघरात रेंज नाही, म्हणून फोन ती शोधत बसलेला. वरून भरतोय, खालून गळतोय.

पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं सकाळी फोनवर स्टार-हॅश-स्टार-हॅश-४६३६-हॅश-स्टार-हॅश-स्टार असं काहीतरी दाबलं आणि एक गुप्त पान उघडलं. पडवीत आकडा होता उणे ११८. उणे दिसलं की मला आधी बँक आठवते. मग ती मला विहिरीवर घेऊन गेली. तिथे उणे ८८.

"तीसचाच तर फरक," मी म्हणालो.

"काका, दर दहाला दहापट. म्हणजे पडवीत विहिरीच्या एक हजारांश सिग्नल आहे. टॉवरला ऐकू जावं म्हणून तुमचा फोन सारखा ओरडतोय. ओरडायला बॅटरी लागते."

हे मला लगेच पटलं, कारण आमचे धाकटे काका. ते तालुक्याच्या पोस्टातून मुंबईला ट्रंककॉल लावायचे. मुंबई लांब, म्हणून आवाज मोठा. पैसे मुंबईचे भरायचे आणि बातमी अख्ख्या बाजाराला कळायची. घरी आले की तासभर आडवे. बॅटरी उतरलेली.

शिवाय माझ्या फोनला दुहेरी काम. देशात ५जी आलं २०२२च्या ऑक्टोबरात. मी पुढच्या दिवाळीला हौसेनं त्याचा फोन घेतला. पण माझ्या सिमचं ५जी ४जीच्या खांद्यावर बसून येतं. फोनला दोघांशीही संधान ठेवावं लागतं, आणि रेंजच्या काठावर असला की एक सुटतं, दुसरं धरतं, पुन्हा पहिलं शोधतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुणा उपाशी तर होताच, वर धावतही होता.

पुतणीनं सेटिंगात जाऊन ५जी काढलं, '४जी/३जी/२जी ऑटो' ठेवलं आणि बजावलं, "आता हात लावू नका." रात्री ऐंशी टक्के असलेला फोन सकाळी त्र्याहत्तर! मी तो आकडा बायकोला झोपेतून उठवून दाखवला. तिनं तो बघितला नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी मुंबईचे सगळे चाकरमानी पोचले आणि प्रत्येकानं आपापल्या मखराचे फोटो ग्रुपवर टाकायला घेतले. विहिरीवर काड्या भरगच्च, आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल. काड्या आहेत म्हणजे टॉवरचा वाढपी आपल्यासमोर उभा आहे, एवढंच. पंगत तीनशेची आणि वाढपी एक, म्हटल्यावर पानात आमटी पडेलच असं नाही. हे ज्ञान मला नंतर मिळालं. तेव्हा मी ते गुप्त पान स्वतःच उघडलं आणि 'एलटीई ओन्ली', म्हणजे फक्त ४जी, निवडलं. 'ओन्ली' शब्दाला एक वजन असतं.

नेट तितकंच रडत राहिलं, पण चालू होतं. बॅटरीही टिकली. रात्रीपर्यंत एकही फोन आला नाही. लोन देणाऱ्या मुलींनीसुद्धा सणाचा मान राखला, याचं मला कौतुक वाटलं.

चतुर्थीच्या पहाटे साडेपाचला मी फणसाखाली बनियन-टॉवेलवर, तोंडात ब्रश, आणि समोर गुरुजी. ते नवाला यायचे होते. मूर्तीवरचं कापड निघालेलं नाही, दूर्वा निवडायच्या, बायको केस पुसतेय.

"काल सहा वेळा फोन लावला हो तुम्हाला. यंदा चौदा घरं आहेत, आधी तुमचं उरकतो म्हणायला. ती बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर."

मी फेसातून म्हणालो, "घरातच होतो."

पुतणी फोन बघून आली. बॅटरी वाचते असं कुणीतरी सांगितलं म्हणून मागे कधीतरी मी व्होल्टीचं, म्हणजे ४जीवरून बोलायचं, बटण बंद केलं होतं. माझे कॉल तेव्हापासून २जीवरून येत होते, आणि ते दार मी काल 'ओन्ली' म्हणून लावून घेतलं होतं. नेट चालू, माणसं बंद. बायको काही बोलली नाही. तिनं फक्त दूर्वांचं ताट माझ्या हातात दिलं.

पूजा झाली, आरती झाली. गुरुजी घड्याळ बघत उठले. खालच्या वाडीला निघाल्याचं कळवायचं होतं.

"रेंज कुठे येते तुमच्याकडे?"

आम्ही सगळ्यांनी एकदम विहिरीकडे बोट केलं. सोवळ्यातच ते कठड्यापाशी गेले, सांगितल्याप्रमाणे पूर्वेकडे तोंड केलं, फोन कानाला लावला आणि धाकट्या काकांच्या तोडीचा आवाज काढला, "निघालो होऽ! तयारी ठेवाऽ!"

"याऽ गुरुजी, याऽ!" खालच्या वाडीतून उत्तर आलं.

गुरुजींनी समाधानानं फोन कानावरून काढला आणि बघितलं. तो अजून लागतच होता.