आधी नकार कमवा

तुमचं मूल लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळेत दुसरीत आहे आणि अजून एकाही शाळेनं त्याला नाकारलेलं नाही? मग पालक म्हणून तुम्ही कमी पडताय. रागावू नका. मीसुद्धा पहिल्यांदा अशीच भाबडेपणानं, जी शाळा हवी होती तीच अर्जात लिहून बसले होते.

मॅग्नेट शाळा म्हणजे काय, हे मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तुम्हाला कळलं असेलच. सरकारीच शाळा, फी नाही, पण विज्ञान, संगीत, नाटक असा एखादा विषय धरून चालवलेली, आणि आपल्या वस्तीबाहेरची असली तरी अर्ज करता येतो अशी. लॉस एंजेलिस युनिफाइड, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारा शाळा-जिल्हा, त्यात असे कार्यक्रम तीनशेच्या आसपास आहेत. त्यात खरी झुंबड मिडल स्कूलला, म्हणजे सहावीला. वस्तीतली प्राथमिक शाळा सगळ्यांनाच गोड वाटते. छोटी बाकं, प्रेमळ बाई, भिंतीवर कागदी फुलपाखरं. त्याच वस्तीतलं मिडल स्कूल बघून आलं की आईबाप रात्री दोनला उठून रेटिंग वाचत बसतात.

प्रवेश सोडतीनं. म्हाडाची सोडत आठवली ना? विसरा ती. म्हाडात निदान एका गटातले सगळे अर्जदार सारखेच आशाळभूत असतात. इथे आधी गुण, मग सोडत. ज्याचे गुण जास्त तो पुढे, आणि गुण सारखे झाले तरच संगणक फासे टाकणार.

हे गुण हुशारीचे नाहीत हं. हुशारी तपासणाऱ्या गिफ्टेड मॅग्नेट वेगळ्या, आणि तिथेही पात्र ठरल्यावर पुन्हा याच रांगेत उभं राहायचं. गुण मिळतात ते मुख्यतः नाकारलं गेल्याचे. अर्ज केला, नंबर लागला नाही, प्रतीक्षायादीत राहिलात, की ४ गुण. लागोपाठ तीन वर्षं राहिलात की १२. म्हणजे पाचवीत सहावीसाठी अर्ज भरताना गाठीला १२ हवे असतील, तर दुसरी, तिसरी, चौथी अशी तीन वर्षं, आपल्या मुलाचा नंबर कुठेही लागू नये म्हणून देव पाण्यात बुडवून ठेवायचे.

नकार नुसता मागून मिळत नाही, त्याला अभ्यास लागतो. कुठे जागा किती आणि अर्ज किती, हे आकडे काढा. चार जागांना चारशे अर्ज दिसले की डोळे मिटून तीच शाळा लिहा. तीन पसंती देता येतात, पण मोहात पडू नका. दुसरी-तिसरी पसंती दिली आणि चुकून तिथे लागलं म्हणजे?

गंमत करत नाहीये. माझ्या एका मैत्रिणीच्या गाठीला दोन वर्षांचे ८ गुण होते. तिसऱ्या वर्षी तिनं शाळा निवडताना जरा आळस केला. मार्चमध्ये ईमेल आली, अभिनंदन, तुमच्या मुलाची निवड झाली आहे. घरात सुतक. नवरा म्हणाला, "अगं, पण नंबर लागला ना?" ती म्हणाली, "लागला ना! तेच तर!" मिळालेली जागा नाकारली की साठवलेले गुण जातात. स्वीकारली तर मूल रोज अंधारात उठून पिवळ्या बसनं ४०५ फ्रीवेवरून अर्ध्या शहरापलीकडे. तीन दिवस घरात धड स्वयंपाक झाला नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, अगं, मॅग्नेटमध्येच पाचवी संपवली की पुढच्या मॅग्नेटसाठी १२ गुण आपोआप मिळतात. मग पेढे वाटले. मुलाला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

भावंडाचेही गुण असतात. थोरलं त्याच मॅग्नेटमध्ये असेल तर धाकट्याला ३. आता मिडल स्कूल तीनच वर्षांचं, त्यामुळे दोघांत इयत्तांचं अंतर एक किंवा दोनच हवं. ज्यांचं नियोजन चुकलंय त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सख्खा भाऊ ३ गुणांचा आहे आणि एका वर्षाचा नकार ४ गुणांचा.

तुमच्या वस्तीतली शाळा प्रामुख्यानं लॅटिनो, कृष्णवर्णीय, आशियाई, थोडक्यात बिगरगोऱ्या मुलांची असेल तर आणखी ४. इथे जरा दुखतं. आम्ही घर घेताना 'चांगला एरिया' म्हणून वरचे पैसे मोजले, आणि चांगला म्हणजे काय हे एजंटनं न बोलता आणि आम्ही न विचारता समजून घेतलं होतं. आता तोच एरिया ४ गुण खाऊन बसलाय. गर्दीच्या शाळेचेही ४ असतात, पण जिल्ह्याची पटसंख्या वर्षानुवर्षं घटतेय, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. सगळं जमलं तर २३ होतात. अर्जात मुलाचा वंशही विचारतात, जागांचं प्रमाण राखायला. जात पडताळणी समिती वगैरे भानगड नाही, चौकटीत एक टिक केली की झालं.

हे गुणांचं प्रकरण कुठून आलं असं विचारू नका, अर्ज भरताना अडखळायला होतं. १९६३ साली क्रॉफर्ड खटला उभा राहिला, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगवेगळ्या पडल्यात म्हणून. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं जिल्ह्याला बजावलं की ही फारकत कमी करा. मुलांना सक्तीनं बसमध्ये घालून लांब पाठवायचं म्हटलं की आईबाप रस्त्यावर उतरत. मग त्यांना आपल्या पायांनी यावंसं वाटेल अशा शाळा काढल्या, म्हणून नाव मॅग्नेट. गर्दीच्या, गोरी मुलं नसलेल्या शाळांतल्या मुलांना पुढे ठेवायचं, ज्याला एकदा जागा मिळाली नाही त्याला पुढच्या वेळी झुकतं माप द्यायचं. शुद्ध हेतू. तो स्प्रेडशीटमध्ये छान बसतो.

माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, गणितात तिच्या दोन पावलं पुढे. त्याची आई आमच्या ऑफिसच्या इमारतीत रात्री साफसफाई करते. पाचवीच्या ऑक्टोबरमध्ये लिफ्टपाशी तिनं मला फोनवर त्याचा अर्ज दाखवला, सगळं नीट भरलंय ना म्हणून. त्यांच्या वस्तीचे ४ गुण. नकाराचे शून्य, कारण आधी कधी अर्जच केलेला नव्हता. पहिल्या पसंतीला तिनं मुलाला खरोखर हवी असलेली शाळा लिहिली होती. मी स्पेलिंग तपासलं, पत्ता तपासला, सगळं बरोबर आहे म्हणाले. बरोबरच होतं. त्याच शाळेला आमचे १२ होते.

यंदाच्या गणपतीत मी पुन्हा त्याच रांगेत उभी होते. पुढे नवीन जोडपं, नुकतंच पुण्याहून आलेलं, मुलगी दुसरीत. "ताई, मिडल स्कूलचं काय करतात हो इथे? आतापासून काही बघावं लागतं का?"

माझा धाकटाही दुसरीतच आहे.

"छे गं," मी म्हटलं, "दुसरीत तर आहे. खेळू दे की." आणि तिच्या द्रोणात माझ्या वाटणीचा मोदक घातला.