स्ट्रेंथ नव्वद, क्वालिटी शून्य

नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही ठाण्यातच, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला भाड्याच्या घरात आलो. कपाटं आली, देव्हारा आला, लोणच्याच्या बरण्याही धडपणे आल्या. त्यांच्यामागून टीव्हीची छत्री आली. ‘आता छत्री कोण लावतं आई, सगळं इंटरनेटवर दिसतं,’ असं मुलीने सांगून पाहिलं. पण आधी शोधायचं आणि मग बघायचं, हा प्रकार सासूबाईंना मंजूर नाही. रिमोटवरचे तीन आकडे दाबले की कीर्तन लागलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय वर्षाचं रिचार्ज नुकतंच भरलेलं. पैसे भरलेली वस्तू माळ्यावर टाकणं म्हणजे आमच्या घरात जवळजवळ पापच.

तसं बघितलं तर काम सोपं होतं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच चालीने फिरतात, म्हणून आपल्याला ते एका जागी ठाण मांडून बसलेले वाटतात. तिथून बघणाऱ्याला नौपाडा काय आणि कासारवडवली काय, फरक कळायचा नाही. छत्रीचा जुन्या गच्चीवर जो कोन होता तोच इथे चालायला हवा. वर काही बिघडलेलंच नव्हतं. जे काही होतं ते सगळं खाली.

सामान हलवणाऱ्यांपैकी एकाने ‘ये तो अपना काम है’ म्हणत छत्री बाल्कनीच्या ग्रिलला आवळून टाकली. टीव्ही लावला, तर नो सिग्नल. ठाण्यातून हे उपग्रह आकाशात चांगलेच वर असतात, बहुतेक पन्नास-साठ अंशांवर. आणि आमच्या बाल्कनीच्या डोक्यावर वरच्यांची बाल्कनी. म्हणजे आमची छत्री एकाग्र चित्ताने त्यांच्या स्लॅबकडे बघत होती. समोरच्या विंगमधल्या वहिनींचं म्हणणं मात्र असं, की ती त्यांच्या बेडरूममध्ये बघते. मी त्यांना समजावलं की ही ऑफसेट प्रकारची छत्री असते, तिचं तोंड दिसतं समोर, पण नजर त्याच्या वीस-पंचवीस अंश वर असते. ‘म्हणजे तिरळी आहे?’ वहिनींनी विचारलं. त्या संध्याकाळपासून त्यांचे पडदे ओढलेले.

मग सेक्रेटरीकाका आले. इमारतीच्या दर्शनी भागावर काहीही लटकवायचं नाही असा नियम आहे. हे ते आमच्या बाल्कनीत उभे राहून सांगत होते आणि त्यांच्या खांद्यामागे अख्ख्या दर्शनी भागावर एसीची युनिटं आणि चादरी लटकत होत्या. छत्री गच्चीवर न्यायची. गच्चीची किल्ली भाडेकरूंना मिळत नाही. मालकाची एनओसी हवी. मालकाने ती व्हॉट्सॲपवर पाठवली, तर काकांना कागदावर हवी. कागद झाला, तर त्यावर तारीख नव्हती. असो.

कंपनीचा पोरगा ‘कपूरबावडीला आहे ताई, दहा मिनिटांत पोचतो’ म्हणाला. घोडबंदरवाल्यांना या वाक्याचा अर्थ ठाऊक असतो. दुपारची भांडी घासून, चहा पिऊन, थोडं आडवं व्हायलाही वेळ मिळतो.

गच्चीवर छत्र्यांचं संमेलनच भरलेलं होतं. सगळ्यांची तोंडं साधारण आग्नेयेच्या आसपास, पण दोन कंपन्यांच्या छत्र्या एका जागी बघतील तर शपथ, कारण प्रत्येकीचा उपग्रह वेगळा. त्यामुळे शेजारणीचं बघून आपलं तोंड फिरवण्याची सोय नाही. मोबाइलमधलं होकायंत्र स्लॅबच्या सळयांजवळ गेलं की भ्रमिष्टासारखं करायचं. एका कोपऱ्यात वॉचमनची डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटातली छत्री होती. २०१५ साली फ्रेंच गयानातून सोडलेल्या, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे तोंड करून ती विटांच्या आधाराने उभी होती आणि निर्धास्त चालू होती. तिला ना एनओसी, ना महिन्याचं भाडं.

आता मुख्य खेळ. छत्रीशी तो पोरगा, गच्चीच्या दारात फोन धरून मी, खाली टीव्हीसमोर नवरा. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ पहिल्यापासून नव्वद, त्यामुळे नवरा खूश. ‘नव्वद टक्के मिळतायत, अजून काय पाहिजे?’ पण स्ट्रेंथचं काही खरं नसतं. छत्रीपुढच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या डबीला, वीज मिळाली की छत्री भिंतीकडे तोंड करून बसली तरी ती पट्टी वर जाते. खरी ती क्वालिटी, आणि ती शून्य. (सोसायटीच्या कमिटीचंही असंच काहीसं आहे, पण आपण पडलो भाडेकरू.)

‘आता?’

‘शून्य.’

‘आता?’

‘शून्य. आलं! आलं! ...गेलं.’

‘कधी गेलं?’

‘तू विचारलंस तेव्हा.’

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. माझ्या लहानपणी वरळीच्या मनोऱ्याकडे अँटेना फिरवताना निदान अंदाज तरी यायचा. मुंग्या कमी झाल्या की खिडकीतून ओरडायचं, ‘अजून जरासं डावीकडे!’ डिजिटलला हे अधलंमधलं ठाऊक नाही. एक तर लख्ख चित्र, नाहीतर काहीच नाही. त्यात रिसीव्हरला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात वरच्याने छत्री पुढे ढकलली की उपग्रह मागे राहिलाच. इथे एका अंशाची चूक झाली की तिकडे वर ती सहाशे किलोमीटरची होते. म्हणजे नवऱ्याचं ‘आलं’ माझ्यामार्फत त्या पोराच्या कानावर पडेपर्यंत आम्ही ठाण्याहून निघून गोवा गाठलेलं असायचं.

उंचीच्या कोनाचा नट आम्ही जुन्या घरी होता तसाच ठेवला होता, वर मार्करची खूणही होती. तरी जमेना, तेव्हा पोरगा छत्री सोडून ती ज्यावर बसवली होती त्या पाइपकडे बघायला लागला. ‘ताई, हा कलता वाटतोय.’ सेक्रेटरीकाकांनी लगेच पाइपची बाजू घेतली. सोसायटीचा पाइप आहे, सरळच असणार. पोरगा काही बोलला नाही. खाली जाऊन तो शेजारी चढणाऱ्या टॉवरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून घेऊन आला. दोरी पाइपच्या टोकाशी धरली. ते वजन वाऱ्यावर जरा डुललं आणि थांबलं. वर दोरी पाइपला टेकलेली, खाली दोघांमध्ये चांगली बोटभर फट. खांबच कलला तर त्यावर मोजलेला प्रत्येक अंश कलतो. पत्र्याचा तुकडा दुमडून क्लॅम्पखाली सारला, नट पिळले, पुन्हा ओळंबा धरला. आता फट नव्हती. छत्री हळूहळू फिरवायची, थांबायचं, परत फिरवायची. वीस. पंचेचाळीस. बहात्तर! नवरा खालून जे ओरडला ते मला फोनच्या आधी जिन्यातून ऐकू आलं.

आनंद तासभर टिकला. मग लक्षात आलं की निम्मीच चॅनेलं दिसतायत. बातम्या स्वच्छ, कीर्तनाचा पत्ता नाही. रिसीव्हर त्याच केबलमधून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ ला उभ्या लहरींवरची चॅनेलं, १८ ला आडव्या लहरींवरची. डक्टमध्ये आधीच्या भाडेकरूची केबल होती, तीच आम्ही वापरली होती. तिच्या जोडावरची टेप सोलली तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. १८ व्होल्ट निघायचे खरे, पण वाटेतच दमायचे. नवी केबल टाकली, सासूबाईंना बुवा दिसले आणि घरात शांतता झाली.

पुढे मॅचच्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात कुणीतरी फायबर तोडली आणि टॉवरभर इंटरनेट बंद पडलं. सेक्रेटरीकाका सहज म्हणून आले. त्यांच्यामागून समोरच्या वहिनीही सहज आल्या.

‘पावसात मात्र तुमचं जातं हं,’ काका सोफ्यावर मांडी घालत म्हणाले.

जातं. जोराच्या सरीत थेंब या लहरी शोषून घेतात. मी नाही म्हटलं नाही, चहा दिला. दुसऱ्या कपाला काकांनी खिशातून कागद काढला. ‘पुढच्या मीटिंगला गच्चीवरच्या छत्र्या हटवायचा ठराव आहे. तुमची हरकत नसल्याचं लिहून दिलंत तर बरं.’

‘देतो की,’ सासूबाई म्हणाल्या. ‘काढायचीच आहे, तर टीव्ही आत्ताच बंद करू का?’

‘अहो नको, नको, शेवटची ओव्हर आहे!’ काकांनी कागदाची घडी घातली आणि वर बशी ठेवली.