‘पनामा हॅट’ पनामाची नव्हे

‘पनामा हॅट पनामात विणली जाते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ही टोपी इक्वेडोरची असून मानाबी प्रांतातील माँटेक्रिस्टी आणि डोंगराळ भागातील क्वेन्का येथील कारागीर टोकिया नावाच्या झाडाची कोवळी पाने उकळून, वाळवून, त्यांच्या बारीक पट्ट्या माथ्यापासून कडेकडे हाताने विणत नेतात. उत्तम टोपीला कित्येक महिने लागतात. एकोणिसाव्या शतकात पनामाच्या संयोगभूमीवरून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सोनेशोधकांनी ती तेथे विकत घेतली आणि विक्रीच्या ठिकाणाचेच नाव तिला चिकटले. १९०६ मध्ये कालव्याच्या पाहणीवेळी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती घातल्याने गैरसमज (विणणाऱ्यांच्या दुर्दैवाने) आणखी पक्का झाला. युनेस्कोने २०१२ मध्ये ही विणकला अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, तीही इक्वेडोरच्याच नावावर.