छोट्या गावात 'डॉक्टरच हवा' हा हट्ट सोडा

अमेरिकेत आडगावात नोकरी लागली की आपली माणसं घरासाठी एमडीच शोधत बसतात. नव्या पेशंटला त्यांची तारीख मिळते कित्येक आठवड्यांनी, आणि तोवर बीपीच्या गोळ्या संपतात. त्याच दवाखान्यातली पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, बऱ्याचदा खूप आधी भेटू शकते. ती तपासते, रक्त-लघवी करायला सांगते, औषधं लिहून देते. बीपी मोजून जाते ती मेडिकल असिस्टंट, ती वेगळी. पीएचं पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचं मास्टर्स झालेलं असतं, वर राष्ट्रीय परीक्षा. पहिला कोर्स ड्यूक विद्यापीठात 1965 साली सुरू झाला, म्हणजे प्रकार काही कालचा नाही.

शोधायची कशी? इन्शुरन्सच्या यादीवर विसंबू नका, त्यात गाव सोडून गेलेलेही सापडतात. एनपीआय रजिस्ट्री, म्हणजे डॉक्टर-पीएंची सरकारी ऑनलाइन यादी, फुकट आहे. तिथे राज्य, झिप कोड आणि 'फिजिशियन असिस्टंट' टाका. पत्ता तिथेही जुना असू शकतो, म्हणून फोन करायचाच. लायसन्स आणि काही कारवाई झाली असेल तर ती राज्याच्या बोर्डाच्या साइटवर दिसते. जवळपास 'रूरल हेल्थ क्लिनिक' (खेड्यांसाठीचा सरकारमान्य दवाखाना) असेल तर आधी तिथे विचारा: दवाखाना उघडा असतो त्यातला किमान निम्मा वेळ तिथे पीए, नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषधं लिहून देणारी नर्स) किंवा मिडवाइफ हवीच, असा कायद्यातला नियम आहे.

आता पैसे. इथेच बहुतेक जण फसतात. "आमचा इन्शुरन्स घेता का?" हा प्रश्नच चुकीचा. 'हो' म्हणजे फक्त क्लेम पाठवू, एवढंच. विचारायचं असं: "या प्लॅनमध्ये, या पीएच्या नावाने, याच पत्त्यावर तुम्ही इन-नेटवर्क, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेले, आहात का?" मग कार्डामागच्या नंबरवर तेच विचारा आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. काही पीए आठवड्यातले दोन दिवस स्किनच्या दवाखान्यात असतात. त्यांची नोंद स्पेशालिस्ट म्हणून असली तर को-पे, म्हणजे दर भेटीला आपण भरायची रक्कम, वाढतो. आणि फुकटच्या वार्षिक तपासणीत "जाता जाता गुडघाही बघा" म्हणालात तर त्याचं वेगळं बिल येऊ शकतं.

आई-बाबा आलेले असतील आणि पैसे स्वतः भरणार असाल तर लेखी 'गुड फेथ एस्टिमेट', म्हणजे खर्चाचा अंदाज, मागा. भेट तीन ते नऊ कामकाजाचे दिवस आधी ठरलेली असेल तर ते एका कामकाजाच्या दिवसात द्यावं लागतं. बिल त्याहून 400 डॉलर किंवा जास्त फुगलं तर 120 दिवसांत तक्रार करता येते.

किडनी, हृदय, शुगर असं सगळं एकत्र असेल तर अडल्यावर पीए कोणत्या डॉक्टरला विचारते आणि तो त्याच इमारतीत बसतो का, हे आधीच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा दवाखाना बघा. छातीत दुखत असेल तर मात्र यातलं काहीही नको, सरळ 911.

जाताना औषधांची यादी जेनेरिक नावांनी न्या, मिलिग्रॅमसकट. भारतातले ब्रँड इथे कुणाला कळत नाहीत, पॅरासिटामॉलसुद्धा इथे ॲसिटामिनोफेन असतं.