अर्धा टक्का आवाज

लाउडस्पीकरच्या खोक्यावर छापलेले वॉट हे त्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचे माप नसते. तो जळून जाण्यापूर्वी किती वीज सोसेल, याविषयी बनवणाऱ्याने बाळगलेला तो आशावाद असतो. एकदा हे कळले की मग खरा आवाज किती, हा प्रश्न माणसाला स्वस्थ बसू देत नाही, आणि त्या माणसाच्या घरच्यांनाही नाही.

पहिली पायरी फसवी सोपी आहे. स्पीकरला 2.83 व्होल्ट द्यायचे, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरमध्ये 1 वॉट जातो, आणि समोर 1 मीटरवर माइक ठेवून डेसिबलचा आकडा टिपायचा. माझ्या स्पीकरचा आकडा 86 आला. मात्र हा आवाज फक्त समोरचा. स्पीकर मागे भिंतीला, वर छताला आणि बाजूच्या कपाटालाही तितक्याच निष्ठेने काहीबाही ऐकवत असतो. एकूण आवाज हवा असेल तर त्याला दर 10 अंशांनी फिरवत एक आडवे वर्तुळ पूर्ण करायचे, मग त्याला कुशीवर निजवून दुसरे, आणि दोन्हींत सामाईक असलेली दोन टोके एकदाच धरली की मोजणीच्या जागा भरतात 70. प्रत्येक जागी 20 हर्ट्झच्या घुमण्यापासून 20,000 हर्ट्झच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारा एकच सूर वाजवायचा. अशा सुराची सत्तर आवर्तने ऐकल्यानंतर कुटुंबीय ज्या नजरेने पाहतात, तिचे माप कोणत्याही उपकरणात नाही.

शिवाय शांतता हवी. पंखा बंद, फ्रिज बंद, मिक्सरला मनाई. बाबा सहकार्य म्हणून चवड्यांवर चालत दारापर्यंत येत आणि कुजबुजत, “झालं का रे?” ते पुरेसे हळू बोलत, पण माइक त्यांच्यापेक्षा तल्लख होता, मग ती जागा पुन्हा मोजणे आले.

बाबांना गप्प करता येते, जमिनीला येत नाही. स्पीकर आणि माइक दोन्ही 1 मीटर उंचीवर असले, तर जमिनीवरून उसळलेला आवाज मूळ आवाजामागोमाग साधारण 3.6 मिलिसेकंदांत येऊन पोचतो. त्याआधीचा तुकडा कापून घेतला तर प्रतिध्वनी टळतो खरा, पण अंदाजे 280 हर्ट्झच्या खालचे काहीही विश्वासार्ह राहत नाही. तबल्यातला बायाँ ऐकण्यासाठी माइक खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरच्या पडद्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि जवळचा व लांबचा असे दोन आलेख हिशेबाने सांधावे लागतात.

यानंतर बेरीज. डेसिबल सरळ मिळवता येत नाहीत. प्रत्येक आकड्याची आधी ऊर्जा करायची, मग तिची सरासरी काढायची, तीही प्रत्येक दिशेला गोलाच्या पृष्ठभागातला तिचा वाटा देऊन. इथे लोकशाही विचित्र वागते. ज्या समोरच्या दिशेला बसून सगळे ऐकतात, तिच्या वाट्याला गोलाचा जेमतेम 0.2 टक्का येतो. उलट जिकडे कोणी बसत नाही त्या बाजूच्या, 90 अंशांवरच्या पट्ट्याला जवळजवळ 9 टक्के मताधिकार मिळतो.

हिशेब पूर्ण झाला. आवाज सर्व दिशांना सारखा पसरतो असे मानले, तर 86 डेसिबलमध्ये 1 मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागापोटी 11 मिळवून ध्वनिशक्तीची, म्हणजे सर्व दिशांच्या एकूण आवाजाची, पातळी 97 डेसिबल येते, म्हणजे 1 वॉटमागे साधारण 5 मिलिवॉट. वरच्या पट्टीतले सूर पुढेच जास्त जात असल्यामुळे माझे उत्तर त्याहून खालीच आले. थोडक्यात, वीज शंभर वॉट दिली तर आवाज अर्धा वॉटसुद्धा नाही, आणि जवळजवळ सगळी उरलेली ऊर्जा उष्णता होऊन आत मुरते. मी हे जेवताना जाहीर केले.

“म्हणजे एवढे दिवस आपण गाणी ऐकायला शेगडी लावत होतो,” बाबा म्हणाले.

“आणि दुसरा स्पीकर लावला की आवाज दुप्पट?” पत्नीने विचारले. मी सांगितले, की दोन्हींतून वेगवेगळे संगीत येत असेल तर 3 डेसिबल वाढतात, खालच्या सुरांत दोघे एकाच तालात हलले तर 6, आणि कानाला दुप्पट वाटायला अंदाजे 10 लागतात. तेव्हा नक्की काय होते, ते दोन्ही एकत्र मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

तिने उठून फ्रिजचा प्लग लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.