नातेवाईक बाहेर होते तेव्हा

कोविड वॉर्डाचं सांगा म्हटलं की लोकांना पीपीई किटचं ऐकायचं असतं. घाम, गॉगलवरची वाफ, पाळी संपेपर्यंत पाणी नाही की बाथरूम नाही, तोंड दिसत नाही म्हणून पाठीवर मार्करनं लिहिलेलं नाव. खरंय ते सगळं. पण माझं दुखणं किटपेक्षा जुनं आहे.

एरवी आपल्याकडं पेशंटची निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. पेज भरवायची, बेडपॅन द्यायचं, कूस बदलायची, "सिस्टर, सलाईन संपलं बघा" म्हणत पळत यायचं. 2020 मध्ये त्यांना दार बंद झालं आणि हे सगळं आम्हा नर्सांच्या अंगावर आलं. कागदोपत्री ते आमचंच काम होतं म्हणा.

ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंटला पालथं झोपवायचंच घ्या. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, ऐकायला सोपं. आमच्याकडं कागलकडचे एक आजोबा होते, जुन्या पैलवानाच्या अंगाचे. "जीव गुदमरायलाय गं बाई, काढ की ह्ये!" म्हणत मास्क ओढायचे आणि ऑक्सिजनचा आकडा झर्रकन ऐंशीच्या खाली. दोघींनी जोर लावून त्यांना वळवायचं, नळी कुठं दबली नाही ना बघायचं, मग मास्क धरून तिथंच थांबायचं. आकडा हळूहळू चढायचा. तोवर पलीकडच्या बेडवरच्या मावशींनी स्वतःचा मास्क काढून उशाला ठेवलेला असायचा. आणि दुहेरी हातमोज्यांतनं शीर बोटाला लागत नाही, हे सुई घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात 5 पेशंटमागे 1 नर्स, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 3 मागे 1 असा आहे. रात्रपाळीला कुठल्याही सरकारी वॉर्डात येऊन मोजा. जुलै 2021 मध्ये तर कोल्हापुरात पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुढच्या पाळीच्या नर्स पोचेनात. मग सकाळच्यांनीच दुपारची पाळी काढली. माझ्या एका मैत्रिणीचं घर पाण्यात होतं आणि ती वॉर्डात.

थाळ्या वाजल्या, रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्याचा राग नाही. पण लाटेत कंत्राटावर घेतलेल्या पोरींना लाट ओसरल्यावर घरी बसवलं, तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही. मे 2022 मध्ये बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको म्हणून राज्यातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या, तर कालचे देवदूत लगेच "पेशंटना वेठीला धरणारे" झाले.

आता नातेवाईक वॉर्डात परत आलेत. बरं झालं, पेशंटला आपलं माणूस लागतंच. पण बेडपॅन द्यायला सून उभी आहे ना, मग रिकामी पदं भरायची घाई कुणाला? उद्या परत दार बंद करायची वेळ आली, तर त्या सुनेचं काम करायला तेवढ्याच दोघी असणार.